चवथीपर्यंतची बेगमी

बाळ,

तू पाठवलेली खर्चाची यादी दोनदा वाचली. "मावशी, मी उधळत तर काहीच नाही, मग वीस तारखेला हात रिकामे कसे होतात?" असं विचारताना फोनवर तुझा आवाज भरून आला होता, तो अजून कानात आहे. उधळपट्टी यादीत खरंच नाही. पण नीट बघ. वळवाची सर आली, छत्री नव्हती म्हणून रिक्षा. तांदूळ संपले म्हणून दोन दिवस हॉटेलातली थाळी. गॅस संपला म्हणून धावतपळत आणलेला 5 किलोचा सिलिंडर. ओळीओळीला 'नव्हतं म्हणून' आणि 'संपलं म्हणून'. संपल्यावर घेतलेली वस्तू महागच पडते, बाळ. तुझा पगार कमी नाही, तुझी बेगमी नाही.

त्या छोट्या सिलिंडरचंच घे. पत्त्याचा पुरावा लागत नाही, म्हणून तो तुम्हा मुलींना बरा वाटतो. पण किलोमागे तो घरगुती 14.2 किलोच्या सिलिंडरपेक्षा महाग आहे. खोलीचा भाडेकरार तुझ्या नावावर आहे ना? मग जोडणीचा अर्ज याच आठवड्यात कर. खोलीतल्या चौघींनी खर्च वाटून घेतला की डोक्यावर ओझं येत नाही. आणि उकडे तांदूळ रात्रीच भिजत घाल. शिट्ट्या झाल्या की गॅस बंद कर आणि वाफ आपोआप उतरू दे, झाकण उघडायची घाई नको. हे तुला घरी कुणी शिकवलं नाही, कारण घरी सिलिंडर कधी बदलला जातो हे तुला ठाऊकच नव्हतं.

विजेचं थोडक्यात सांगते. 2000 वॉटचा गीझर अर्धा तास चालला की एक युनिट जातं. घरमालकीण युनिटमागे पैसे घेते, तर दर एक तारखेला मीटरचा फोटो काढून ठेव. बस्स. तुझी गळती तिथे नाही.

गळती स्वयंपाकघरात आहे, आणि पाऊस तोंडावर आलाय. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद. ताज्या मासळीचा भाव तेव्हा ऐकवत नाही, आणि नुस्त्याशिवाय तुझ्या घशाखाली घास उतरत नाही हे मला पक्कं माहीत आहे. आपल्या आज्या काही वेड्या नव्हत्या. मडगावात राहतेस, होली स्पिरिट चर्चच्या फेस्ताच्या दिवसांत तिथे पुरुमेंताचा, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीचा, बाजार भरतो, तिथे जा. सुकी सुंगटं (कोळंबी), खारे बांगडे, सोलां (आमसुलं), चिंच, मिरसांगो (मिरच्या). एकटीसाठी गाडाभर नको, चवथीपर्यंत, म्हणजे गणपतीपर्यंत, पुरेल एवढंच. सुंगटं घरी आणल्यावर पुन्हा एक दिवस कडक उन्हात घाल आणि घट्ट झाकणाच्या डब्यात भर. डबा ओला असला तर सगळं फुकट. भाजीला गोवा सरकारच्या फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यावर जात जा.

पीठ मात्र साठवू नकोस. पहिल्या वर्षी मी शहाणपणा करून एकदम पाच किलो आणलं होतं. जुलैत डबा उघडला तर पिठाला जाळी धरलेली, बोट घातलं की धागे लोंबायचे. दाणा टिकतो, पीठ टिकत नाही.

आता जे सांगते ते तुझ्या आईला सांगू नकोस. 1991 साली मी वाळपईहून मडगावला नोकरीला निघाले, तेव्हा माझी आई उकड्या तांदळांची पिशवी घेऊन बसस्टॉपवर आली होती. तोंड सुतळीने शिवलेलं, वर सोलांची पुरचुंडी. मी ती घेतली नाही. माझ्या पगारावर राहीन म्हटलं. बस सुटली आणि आई पिशवी पुन्हा डोक्यावर घेऊन वळली. त्या जुलैत तापाने पडले, बिनपगारी रजा झाली, पंधरा दिवस पोदेराचा पाव चहात बुडवून खाल्ला आणि शेजारणीकडून शंभर रुपये उसने घेतले. आईला शेवटपर्यंत सांगितलं नाही.

मी घमेंडीने नाही म्हटलं, असं समजू नकोस. मुलगी एकटी बाहेर राहते म्हणून तेव्हा चार तोंडं बोलत होती, त्यांना मला दाखवायचं होतं. पिशवी घेतली असती तर 'अजून बापच पोसतो' म्हणाले असते. माझं ते कारण मला आजही खोटं वाटत नाही. पण ते बोलणारे कुणी मला ताप आल्यावर विचारायला आले नाहीत, आणि ती पिशवी फार तर महिनाभर पुरली असती.

म्हणून "घरून काही पाठवू नका" हे तुझं वाक्य ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. घरचे तांदूळ हीसुद्धा बेगमीच. स्वतःच्या पायावर उभं राहायचं तर पायाखाली काहीतरी नको का? पगार झाला की पहिल्या दिवशी तांदूळ, डाळ, तेल, साबण, मग उरलं ते बाकीचं. तहान लागल्यावर विहीर खणत बसू नकोस, एवढं एक ऐक माझं.

तुझ्या आईने दहा किलो उकडे भरून ठेवलेत. रविवारी सकाळच्या बसने मी घेऊन येतेय. एक मोठा डबा धुऊन दोन दिवस उन्हात वाळवून ठेव, आणि तळाला घालायला कडुलिंबाचा पाला मिळाला तर बघ. पिशवी जड आहे, बसस्टॉपवर ये.

तुझी,
मावशी