द्रव्य अक्षय्यतेचा नियम भौतिकशास्त्रात सिद्ध करता येतो का?

द्रव्य नव्याने निर्माण होत नाही आणि नष्टही होत नाही, हा तो नियम. गणितातल्या प्रमेयासारखा सिद्ध करता येतो? नाही. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लॅव्हाझिएने अठराव्या शतकात बंद भांड्यात वजनं करून तो पडताळला, इतकंच. भांडं बंद हवं, हीच खरी मेख. आमच्या सोलापूरची कडक भाकरी वाळली की हाताला पापडासारखी हलकी लागते. द्रव्य नाहीसं झालेलं नसतं, पाणी वाफ होऊन गेलेलं असतं.

त्यातही हा नियम तंतोतंत खरा नाहीच. वस्तुमान आणि ऊर्जा यांचं नातं सांगणाऱ्या आइन्स्टाइनच्या १९०५ च्या सूत्राने (E = mc²) हिशोब केला, तर १ किलो दगडी कोळसा जळताना उष्णतेबरोबर साधारण ०.३ मायक्रोग्रॅम वस्तुमान जातं. सराफाच्या काट्यालाही ते काय कळणार!

सिद्धताच हवी असेल तर ऊर्जेच्या अक्षय्यतेची मिळते, गणितज्ञ एमी नोदरच्या १९१८ च्या प्रमेयातून. पण तीही निसर्गनियम काळानुसार बदलत नाहीत हे गृहीत धरून.