ट्यूबलेस सायकलच्या व्हॉल्व्हची निगा

प्रश्न : माझ्या गिअरच्या सायकलला ट्यूबलेस टायर आहेत. उन्हाळा लागल्यापासून पुढच्या चाकात पंपाने हवा नीट शिरत नाही आणि जी शिरते ती सकाळपर्यंत निम्मी होते. दुकानदाराने व्हॉल्व्हचा रिमवरचा गोल नट पकडीने आवळून दिला, तरी फरक पडला नाही. टायर बदलावा का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : टायर बदलण्याची घाई करू नये. हवा न शिरणे आणि हवा उतरणे या दोन स्वतंत्र तक्रारी आहेत. पहिलीचे कारण बहुधा व्हॉल्व्हच्या आतील पिनमध्ये सापडेल. पंक्चर बुजवण्यासाठी टायरमध्ये घातलेले सीलंट रबराच्या चिकापासून केलेले असते. ते व्हॉल्व्हमध्ये शिरून सुकले की पिनभोवती रबराची साय धरते आणि हवेची वाट चोंदते. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार जात असल्याने, उन्हात उभ्या राहणाऱ्या सायकलीत हे लवकर घडते.

चाक फिरवून व्हॉल्व्ह वरच्या बाजूस आणावा, सीलंट खाली ओघळेपर्यंत पाच मिनिटे थांबावे आणि मग हवा सोडून पिन काढण्याच्या छोट्या चावीने पिन उलगडावी. व्हॉल्व्ह खाली असताना हवा सोडल्यास सीलंटची चिळकांडी थेट अंगावर येते. पिनवरचे सुकलेले रबर बोटांनी चोळले की सोलून निघते. नळीतील गोळा जुन्या स्पोकने काढावा. पिनचे टोक वाकलेले असेल तर नवी पिन घालावी, कारण ती स्वस्त असते आणि वाकलेली पिन सरळ करण्यात वेळच जातो. पिन बाहेर आहे तोवर त्याच नळीतून सिरिंजने नवे सीलंट भरून घ्यावे. उन्हाळ्यात दर दोन महिन्यांनी आतले सीलंट तपासलेले बरे.

हवा कोठून जाते, हे साबणाच्या पाण्याने कळते. बुडबुडे व्हॉल्व्हच्या टोकाशी आले तर दोष पिनचा, रिमच्या छिद्राशी आले तर व्हॉल्व्हच्या बुडाच्या रबराचा, आणि स्पोकच्या मुळाशी आले तर आतील रिम-टेपचा, म्हणजे स्पोकची छिद्रे झाकणाऱ्या पट्टीचा, समजावा. रिमवरचा नट मात्र हातानेच आवळावा. पकडीने आवळल्यास बुडाचे रबर चेपून फाटू शकते. शिवाय तुळजापूर रस्त्यावर बाभळीच्या काट्याने मोठे छिद्र पडले आणि आत ट्यूब घालण्याची वेळ आली, तर तो नट हाताने निघणार नाही. त्या रबराला खनिज तेल किंवा ग्रीस लावू नये, त्याने रबर फुगते.

प्रश्न : पंक्चरच्या दुकानातील कॉम्प्रेसरने हवा भरता येईल का?
– एक वाचक, होटगी रस्ता

उत्तर : येईल. आपला व्हॉल्व्ह मोटारसायकलच्या व्हॉल्व्हपेक्षा बारीक असल्याने पितळी अॅडॅप्टर जवळ ठेवावा आणि तो बसवण्यापूर्वी टोकाचा लहान नट सैल करावा. टायरवर आणि रिमवर छापलेल्या दाबाच्या मर्यादांपैकी जी कमी असेल ती पाळावी. हवा थोडी थोडी भरावी.