मार सुरतेत, तक्रार नाशकात?

"मॅडम, झालं ते सुरतला. म्हणजे दर तारखेला तिकडंच जायचं ना?" नाशकात समुपदेशन करताना हा प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर येतो. मुलगी माहेरी परतली की कुणीतरी हमखास सांगतं, "जिथं घडलं तिथं जा."

सविताला (नाव बदललंय) एका पोलीस ठाण्यातही हेच ऐकवलं होतं. ती सातपूरला आईवडिलांकडे राहत होती. मारहाणीबद्दल बोलायची ती शेजारणीची हकिकत सांगावी तशी. "आता सुटले ना मी!" मी वाद घातला नाही. तोंडाआधी शरीर बोलतं, या मताची मी आहे.

एकदा बोलता बोलता मोबाइल थरथरला. नवऱ्याचा मेसेज. तिनं तो न वाचताच मोबाइल पालथा ठेवला आणि ओढणीचं टोक बोटाला इतकं आवळलं की बोट पांढरं पडलं.

"सविता, हे आत्ता कुठं होतंय?"

बराच वेळ गेला. "इथंच," ती म्हणाली. "घरीपण होतं. रात्री फाटक वाजलं की." मग पहिल्यांदाच रडली.

सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये रूपाली देवी खटल्यात जवळपास हेच म्हटलंय: सासरच्या छळाचा मानसिक त्रास माहेरीही चालूच असतो, म्हणून कलम ४९८अ ची (नवरा किंवा सासरच्यांनी केलेल्या छळाबद्दलचं जुन्या दंड संहितेतलं कलम) तक्रार आसरा घेतलेल्या ठिकाणीही करता येते. वकिलांना हे पाठ असतं. मला ते त्या बोटात दिसलं होतं, याचं थोडं समाधान वाटतं.

४९८अ च्या जागी आता भारतीय न्याय संहितेचं कलम ८५ आहे. १ जुलै २०२४ पासून गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, माहिती नोंदवून घ्यावीच लागते. ठाण्याने नकार दिला तर वरिष्ठांना लेखी कळवा, मग मॅजिस्ट्रेटकडे जा. मेसेज मात्र रागाच्या भरात पुसू नका.

सविताच्या वडिलांना वेगळीच शंका होती: "ताई, इथल्या कोर्टाचा आदेश सुरतेत कोण मानणार?" २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली बाई तात्पुरती राहते तिथंही संरक्षणासाठी अर्ज चालतो आणि आदेश देशभर लागू होतो. संरक्षण आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद, वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. छळ परदेशात झाला आणि नवरा भारतीय नागरिक असला, तरी तक्रार इथं करता येते. पण तिकडच्या कृत्यांवर खटला चालवायला केंद्र सरकारची मंजुरी लागते, तेव्हा वकील लवकर गाठा.