सहावी ते आठवीला विज्ञान शिकवण्यासाठी मराठीतून ऑनलाइन काय मिळेल? आणि शिक्षकांचे व्हॉट्सॲप गट उपयोगी पडतात का?

सुरुवात अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळापासून करा. टाकाऊ वस्तूंपासून प्रयोग आणि खेळणी कशी करायची याचे छोटे व्हिडिओ तिथे आहेत, बरेचसे मराठीतही. शिवाय पुस्तकांच्या पीडीएफ फुकट. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून त्रिकोण, चौकोन करायला द्या. त्रिकोण दाबला तरी हलत नाही, चौकोन लगेच वाकडा होतो. मग पुलाच्या सांगाड्यात त्रिकोणच का, हे सातवीची मुलं स्वतःच सांगतात. प्रयोगशाळा नसलेल्या शाळेला याहून सोयीचं काही मला माहीत नाही.

पाठ्यपुस्तकं ई-बालभारतीवर आहेतच. पुस्तकातला क्यूआर कोड दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपमध्ये स्कॅन केला की त्या धड्याचं साहित्य उघडतं. दर्जा कमी-जास्त, त्यामुळे वर्गात लावण्याआधी स्वतः पाहून घ्या. आठवीसाठी होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचे ‘विज्ञान प्रतिभा’ उपक्रमही चाळा. वाचायला पुण्याहून निघणारं ‘शैक्षणिक संदर्भ’ हे नियतकालिक.

व्हॉट्सॲप गटांचं म्हणाल, तर आपल्या शाळेच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या, गटात परिपत्रकंच जास्त. शिक्षण परिषदेत भेटलेल्या चार-पाच विज्ञान शिक्षकांचा वेगळा गट करा, आणि त्यात ‘शुभ सकाळ’ला बंदी घाला!