तळघरातील शयनगृह आणि सुटकेची खिडकी

प्रश्न : आम्ही अमेरिकेत राहतो. सासूसासरे दरवर्षी काही महिने आमच्याकडे येतात, म्हणून बेसमेंटमध्ये त्यांच्यासाठी एक बेडरूम करायचे ठरवले आहे. त्यासाठी एग्रेस विंडो, म्हणजे आणीबाणीत बाहेर पडता येईल अशी खिडकी, लागते असे समजल्यावर दोन कंत्राटदारांकडून कोटेशन घेतले. एकाचे बरेच स्वस्त आहे. परमिटची गरज नाही असे तो सांगतो आणि निम्मी रक्कम आगाऊ मागतो. दुसरा परमिट स्वतः काढून देणार आहे, पण त्याचा आकडा जवळपास दुप्पट आहे. भिंतीत सध्या एक लहान सरकती खिडकी आहे. तिच्याच जागी नवी बसवून भागणार नाही का? आणि या दोघांपैकी कोणाला काम द्यावे?

उत्तर : आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुधा नकारार्थी आहे. अमेरिकेतील बहुतेक राज्यांचे नियम ज्या आंतरराष्ट्रीय निवासी संहितेवर बेतलेले आहेत, तिच्यानुसार झोपण्याच्या प्रत्येक खोलीला आणीबाणीत बाहेर पडता येईल आणि अग्निशमन दलाच्या जवानाला आत येता येईल, अशी किमान एक वाट असावी लागते. खिडकी नेहमीसारखी उघडल्यावर मिळणारी मोकळी जागा किमान २० इंच रुंद, २४ इंच उंच आणि एकूण ५.७ चौरस फूट हवी. खिडकीची खालची कड बाहेरच्या जमिनीच्या ४४ इंच वर किंवा खाली या मर्यादेत असेल, तर ५ चौरस फूट चालते. येथे पुष्कळांचा गोंधळ होतो, कारण २० बाय २४ इंचांचे क्षेत्रफळ जेमतेम ३.३ चौरस फूट भरते. म्हणजे दोन्ही किमान मापे एकाच वेळी घेऊन चालत नाही, ५.७ चौरस फुटांसाठी रुंदी २० इंच ठेवल्यास उंची सुमारे ४१ इंच लागते. सरकत्या खिडकीची निम्मी बाजूच उघडते, म्हणून तिला भिंतीत फार मोठी जागा द्यावी लागते. दारासारखी बिजागरीवर पूर्ण उघडणारी केसमेंट खिडकी तेच काम लहान जागेत करते.

मात्र सध्याची खिडकी अगदीच निरुपयोगी नाही. तिची रुंदी पुरेशी असेल, तर भिंत फक्त खालच्या दिशेने कापून उंची वाढवता येते आणि वरचा भार पेलणारा लिंटेल बहुधा तसाच राहू देता येतो. रुंदी वाढवायची म्हटली की वरच्या मजल्याच्या तुळयांचा भार नव्या लिंटेलवर घ्यावा लागतो, आणि खर्च तेथेच वाढतो. दोन कोटेशनमधील फरकाचे कारण हेच असू शकते. म्हणून दोघांनाही भिंत नेमकी कोठे आणि किती कापणार, हे लेखी विचारावे.

या कामात खिडकी बसवणे हा सर्वांत सोपा भाग आहे. कंत्राटदाराची पारख होते ती भिंत कापण्यात आणि पाणी बाहेर काढण्यात. ओतीव काँक्रीटची भिंत आणि ब्लॉकची भिंत यांची कापणी सारखी नसते. ब्लॉक कापल्यावर त्यांच्या उघड्या पडलेल्या पोकळ्या भराव्या लागतात, अन्यथा पाणी त्यांतूनच आत शिरते. बाहेर खणलेल्या खड्ड्याचे, म्हणजे विंडो वेलचे, क्षेत्रफळ किमान ९ चौरस फूट आणि लांबी-रुंदी किमान ३६ इंच हवी. त्याच्या तळाशी नुसती खडी पसरून काम संपत नाही, कारण निचऱ्याची सोय नसेल, तर पहिल्याच मोठ्या पावसात तो खड्डा हौद होतो आणि नवी खिडकी त्याची एक भिंत. त्यामुळे वेलमधील पाणी पायालगतच्या ड्रेनला किंवा सम्प पंपाला (तळघरातील खड्ड्यात साठलेले पाणी बाहेर फेकणाऱ्या पंपाला) कसे जोडणार, हे ज्या कोटेशनमध्ये लिहिलेले नाही, ते कितीही स्वस्त असले तरी अपुरे समजावे.

खोली वयस्कर माणसांसाठी आहे, हे कंत्राटदाराला आवर्जून सांगावे. खिडकीची खालची कड आतील जमिनीपासून जास्तीत जास्त ४४ इंचांवर असली तरी नियमाचे समाधान होते, पण सत्तरीतल्या माणसाने तेवढे चढून जावे, ही अपेक्षा माझ्या मते अवाजवी आहे. कड शक्य तितकी खाली घ्यावी. वेल ४४ इंचांहून खोल असल्यास कायमची शिडी किंवा पायऱ्या सक्तीच्या आहेत. आपण पायऱ्याच मागाव्यात.

आता परमिटविषयी. पायाची भिंत कापण्याच्या कामाला परमिट लागत नाही असे सांगणाऱ्याला काम देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या गावाच्या बिल्डिंग विभागाला एक फोन केल्यास खरे काय ते कळेल आणि स्थानिक नियमांत काही बदल असल्यास तेही समजतील. परमिट कंत्राटदाराच्या नावावर निघावे. ते मालकाने काढावे असा आग्रह तो धरत असेल, तर जबाबदारी आपल्यावर ढकलली जात आहे हे ओळखावे. लायसन्स, लायबिलिटी विमा आणि कामगारांचा विमा यांची प्रमाणपत्रे पाहावीत, आणि ती शक्यतो विमा कंपनीकडून थेट मागवावीत. खोदकामापूर्वी ८११ या क्रमांकावर कळवून जमिनीखालील गॅस व विजेच्या वाहिन्यांच्या खुणा करून घेणे हेही करारात असावे. ही सेवा विनामूल्य आहे, मात्र मीटरच्या पुढच्या खासगी वाहिन्या, उदाहरणार्थ बागेतील स्प्रिंकलरच्या, तीत दाखवल्या जात नाहीत.

निम्मी रक्कम आगाऊ देऊ नये. कॅलिफोर्नियात तर घरकामाच्या करारात आगाऊ रक्कम १० टक्के किंवा १,००० डॉलर, यांपैकी जी कमी असेल तिच्याहून अधिक घेता येत नाही. आपले राज्य दुसरे असले तरी हप्ते कामाच्या टप्प्यांना बांधावेत आणि शेवटचा हप्ता अंतिम तपासणी उत्तीर्ण झाल्यावरच द्यावा. त्या वेळी साहित्य पुरवणाऱ्यांचे व उपकंत्राटदारांचे पैसे चुकते झाल्याचे आणि घरावर त्यांचा दावा उरला नसल्याचे लेखी घ्यावे, कारण मुख्य कंत्राटदाराने त्यांचे पैसे थकवले तर ते आपल्या घरावर बोजा चढवू शकतात.

वेलवर पानगळ आणि बर्फ अडवण्यासाठी झाकण घेणार असाल, तर ते आतून किल्लीशिवाय, अवजाराशिवाय आणि सासूबाईंच्या हाताला पेलेल इतकाच जोर लावून उघडते की नाही, हे अंतिम हप्त्यापूर्वी त्यांच्याकडूनच किंवा त्यांच्या वयाच्या कोणाकडून तरी उघडवून पाहावे.