एमसीएकडून नाव अप्रूव्ह झालं, आता लेबलं छापायची का?

तुमचा प्रश्न असा: दोघे भागीदार, लहान मुलांच्या सुती कपड्यांचा व्यवसाय, नाव 'झुळूक'. सीएने परवा एमसीएच्या (कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या) पोर्टलवर ते अप्रूव्ह करून घेतलंय आणि छापखानेवाला लेबलांच्या ऑर्डरसाठी मागे लागलाय. माझं ऐकाल तर छापखान्याला आठवडाभर थांबवा.

एमसीएच्या मंजुरीचा अर्थ एवढाच की या नावाशी फार जुळणारी कंपनी किंवा एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) रजिस्टरवर नाही आणि नावात नियमबाह्य काही दिसलं नाही. ट्रेडमार्कला धक्का लागतोय असं दिसलं तर तेही नाव नाकारतात, पण त्यांच्या नजरेतून एखादा मार्क सुटला तर निस्तरायचं तुम्हालाच. शिवाय तुम्ही कॉलरमागे 'अमुक प्रायव्हेट लिमिटेड' छापणार नाही, फक्त 'झुळूक' छापणार. तो शब्द कुणाचा, हे ट्रेडमार्कच्या रजिस्टरवर आणि बाजारातल्या वापरावर ठरतं.

माझं नेमकं इथेच चुकलं होतं. नाव मिळालं, कंपनी झाली, सव्वा वर्ष धंदा चालला आणि एका वकिलाची नोटीस आली. त्यांच्या अशिलाचा शब्द आमच्यासारखाच उच्चारला जायचा, स्पेलिंगमध्ये फक्त एक 'ए' जास्त होता. मी आमचंच स्पेलिंग टाकून शोधलं होतं, त्यामुळे तो कधी समोर आलाच नाही. मग विशेष ठराव, नव्या नावाचा अर्ज, आयएनसी-24 (नाव बदलायचा सरकारी फॉर्म), नवं प्रमाणपत्र, त्यामागून पॅन, जीएसटी, बँक. गोदामातल्या खोक्यांवर आम्ही घरच्या चौघांनी दोन रात्री बसून नवे स्टिकर चिकटवले. त्याहून जास्त टोचलं ते कंपनी कायद्याचं कलम 12: नाव बदलल्यावर दोन वर्षं बोर्डावर आणि लेटरहेडवर जुनं नावही सोबत लिहावं लागतं. प्रत्येक नवा व्यापारी ते वाचून विचारायचा, नाव का बदललंत?

आमचं प्रकरण आपसात मिटलं. मिटलं नसतं तर कंपनी कायदा 2013 च्या कलम 16 खाली नोंदणीकृत ट्रेडमार्कचा मालक कंपनी स्थापन झाल्यापासून तीन वर्षांच्या आत सरकारकडे अर्ज करू शकतो. आदेश निघाला की तीन महिन्यांत नाव बदलायचं. नाही बदललं तर 1 सप्टेंबर 2021 पासूनच्या नियमाप्रमाणे सरकारच नवं नाव देतं: 'ओआरडीएनसी' ही अक्षरं, वर्ष, अनुक्रमांक आणि तुमचा सीआयएन (कंपनीचा ओळख क्रमांक). तेच कंपनीचं नाव!

आता शोध कसा घ्यायचा ते नीट सांगतो, कारण बहुतेक जण इथेच घाई करतात. नाव मोठ्याने म्हणा आणि कागद घ्या. मराठीत 'झुळूक' एकाच तऱ्हेने लिहितात, पण रोमनमध्ये सुरुवात झेडने होईल, झेड-एचने होईल किंवा जे-एचनेही. पुढे यू की डबल ओ, शेवटी के, सी-के की क्यू. 'ळ'ला रोमनमध्ये अक्षरच नाही, म्हणजे 'झुलुक' आणि 'झुलूक'ही त्याच रांगेत आले. ही सगळी रूपं लिहून काढा. मग ट्रेडमार्क कार्यालयाच्या सार्वजनिक शोधात एकेक टाका. आधी वर्डमार्कमध्ये 'कंटेन्स' निवडून, म्हणजे शब्दाचा मधला तुकडा असलेले मार्कही दिसतील, आणि नंतर फोनेटिक, म्हणजे उच्चारावरून, शोध. ग्राहक नाव कानाने लक्षात ठेवतो, म्हणून तुम्हीही कानानेच शोधा.

ट्रेडमार्कचे एकूण 45 वर्ग आहेत. तुमच्यासाठी 25 म्हणजे तयार कपडे हा मुख्य, पण विक्री म्हणून 35 आणि पुढे बाळांच्या दुलया-चादरी करणार असाल तर 24 हेही बघा. काही सापडलं तर लगेच हातपाय गाळू नका, आधी त्या अर्जाची स्थिती वाचा. 'रजिस्टर्ड' असेल तर थांबायचं. 'ऑब्जेक्टेड' (कार्यालयाची हरकत) किंवा 'अपोज्ड' (दुसऱ्या कुणाचा विरोध) असेल तर कागदपत्रं उघडून वापर कधीपासूनचा दाखवलाय ते पाहायचं. 'अबँडन्ड' (अर्ज सोडून दिलेला) दिसलं तरी तो माणूस बाजारात तेच नाव वापरत असू शकतो, आणि आपल्याकडे आधीपासून वापरणाऱ्याचा हक्क नोंदणी नसतानाही शाबूत राहतो. म्हणून इन्स्टाग्राम, मोठ्या शॉपिंग साइट आणि डोमेन हेही त्याच यादीने तपासा.

वर एका सदस्याने लिहिलंय की शॉप अ‍ॅक्ट आणि उद्यम (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) काढलं की नाव सुरक्षित. तसं नाही. त्या नोंदणीत तुम्ही लिहाल ते नाव येतं, शेजारच्याने तेच लिहिलं तर त्यालाही मिळतं. जीएसटीतल्या ट्रेड नेमचंही तसंच.

शोध स्वच्छ निघाला तर ट्रेडमार्कचा अर्ज लगेच टाका. ऑनलाइन फी एका वर्गाला व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योगासाठी 4,500 रुपये, बाकीच्यांना 9,000. कंपनी अजून झालेली नाही म्हणून एका भागीदाराच्या नावावर टाकत असाल, तर दोन गोष्टी आजच लिहून ठेवा: कंपनीला हे नाव वापरायला त्याची लेखी संमती आणि पुढे मार्क कंपनीच्या नावे करून देण्याचा करार. मैत्री घट्ट असते तेव्हाच हे कागद सहज होतात.

नाव सोडावं लागलंच तर पर्याय निवडताना एक लक्षात घ्या. आहे त्या नावात गावाचं नाव किंवा आकडा जोडून, अनेकवचन करून, शब्दांची अदलाबदल करून किंवा शेवटी 'डॉट कॉम' लावून ते वेगळं ठरत नाही. आकडा एखाद्या ब्रँडचा भाग असेल तरच चालतो. आधीच्या नावाचं हिंदी किंवा इंग्रजीत सरळ भाषांतरही अडतं. 'नॅशनल', 'बोर्ड', 'कमिशन' अशा शब्दांना केंद्र सरकारची परवानगी लागते, 'बँक' किंवा 'इन्शुरन्स'ला त्या त्या नियामकाची. रजिस्टरमधून काढून टाकलेल्या कंपनीचं नाव तर 20 वर्षं कुणाला मिळत नाही.

आता तुमचं घड्याळ. स्पाइस प्लसच्या (कंपनी नोंदणीच्या ऑनलाइन फॉर्मच्या) भाग 'अ'मधून मिळालेलं नाव मंजुरीपासून 20 दिवस राखून ठेवलेलं असतं, त्यातले दोन गेले. (एलएलपीला तीन महिने मिळतात, पण तुमचा फॉर्म कंपनीचा आहे.) मुदत वाढवता येते: 20 दिवस संपायच्या आत 1,000 रुपये भरले की मंजुरीपासून 40 दिवसांपर्यंत, मग 40 संपायच्या आत 2,000 भरले की 60 पर्यंत, किंवा सुरुवातीलाच 3,000 भरून थेट 60. त्यापुढे वाढ नाही. शोधाला तीन-चार संध्याकाळी पुरतात. तोवर सीएला दोघांचे डीएससी (डिजिटल सही) काढायला सांगा, जागामालकाचं ना-हरकत पत्र घ्या आणि पत्त्यासाठी वीजबिल दोन महिन्यांच्या आतलं ठेवा. 25 व्या वर्गात काही सापडलं तर त्याची स्थिती आणि वापराची तारीख इथे लिहा, मी बघून सांगतो.