विश्वास असूनही भीती वाटते, मग 'पूर्ण प्रीती भीती घालवून देते' याचा अर्थ काय?

तुम्ही लिहिलंय, ऑपरेशनची तारीख जवळ आली तशी झोप उडाली आणि चर्चच्या मंडळीतल्या कुणीतरी "विश्वास असेल तर भीती कशाला?" असं ऐकवलं. मलाही हेच ऐकवलं होतं. मानेत गाठ आली होती, बायोप्सी झाली होती, रिपोर्टला आठ दिवस होते. त्या वाक्यानं भीती गेली नाहीच, वर लाज वाटायला लागली. प्रार्थनेला बसायचे तेही परीक्षेला बसल्यासारखं.

मग आमच्या चर्चच्या पाळकबाई आल्या. मी मेथी निवडत होते, त्याही निवडायला बसल्या. म्हणाल्या, "नक्की कशाची भीती वाटते गं?" मरणाची, असं म्हणणार होते, पण तोंडातून निघालं, "देव शिक्षा करतोय असं वाटतं." वडिलांच्या घरावरून सख्ख्या भावाशी चार वर्षं अबोला होता. तीच गाठ मानेत आली, असं मी मनाशी ठरवूनच टाकलं होतं.

त्यांनी बायबलमधलं योहानाचं पहिलं पत्र, चौथा अध्याय काढायला लावला. 'पूर्ण प्रीती भीती घालवून देते' हे त्यातलं अठरावं वचन आपण अर्धंच पाठ करतो. पुढे म्हटलंय, भीतीमध्ये शासन असतं. मूळ ग्रीक शब्द 'कोलासिस', म्हणजे शिक्षा. त्याआधीच्या वचनात न्यायाच्या दिवसाचा विषय आहे. म्हणजे देवबाप छडी घेऊन उभा आहे, ही भीती जाते असं योहान म्हणतो. भुलीच्या सुईला घाबरू नका, असं तो तिथे म्हणत नाही. आणि पूर्ण प्रीती कुणाची? माझी म्हटली असती तर कठीणच होतं. पण लगेच पुढे आहे, आधी त्यानं आपल्यावर प्रीती केली. मरणाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत येशू स्वतः व्याकूळ झाला, पेत्र, याकोब आणि योहान या शिष्यांना म्हणाला, जागे राहा. (ते झोपले, ती गोष्ट वेगळी.)

विसावं वचन मात्र नकोसं झालं. डोळ्यांसमोरच्या भावावर प्रीती नाही, तर न दिसणाऱ्या देवावर कशी करणार? दोन दिवस टाळलं, तिसऱ्या दिवशी भावाला फोन लावला. घराचा विषय दोघांनीही काढला नाही. रिपोर्टच्या दिवशी खिडकीपाशी रांगेत तोच उभा होता. वाद अजून मिटलेला नाही. रिपोर्टमध्ये काय आलं ते मुद्दाम सांगत नाही, तुमचा विश्वास माझ्या रिपोर्टवर टांगायला नको.

भीती अजूनही वाटते. पण आता ती लपवत नाही. रात्री बायबलमधलं 56वं स्तोत्र काढते. दावीद तिथे शत्रूच्या हाती सापडलाय, आणि 'भीती गेल्यावर' नाही, भीती वाटेल तेव्हाच भरवसा ठेवीन म्हणतो.

झोपेचं डॉक्टरांना सांगा, भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही सांगा. त्यांना घाबरलेले पेशंट रोज भेटतात. आणि त्या सकाळी कुणाला तरी सोबत न्या. ते वाक्य ऐकवणारी व्यक्ती सोडून.